सलीमचा सायलेन्सर आणि चांदीचा पान्हा

पौडच्या सलीमला व्यसन एकच, आणि ते तंबाखूचं असतं तर बायकोनं, ताजबीनं, कधीच सोडवलं असतं. त्याला गाडीचं वेड. जुनीपानी मोटरसायकल, दोन्ही बाजूंना किटल्या लटकावलेल्या, तिच्यावरून तो रोज भूगावच्या सोसायट्यांत दुधाचा रतीब घालायचा. पण हा गडी टाकी अशी पुसायचा, की उद्या हिच्यावरून नवरदेवच मिरवायचाय. पन्नाशी उलटली तरी वेड काही उतरलं नाही.

घात केला भूगावच्या एका पोरानं. ह्या पोराची गाडी पार्किंगमध्ये सुरू झाली की वरच्या मजल्यांच्या काचा थरथरायच्या. सलीम किटली उतरवत होता, तर पोरगा जाता जाता म्हणतो, "काका, तुमची गाडी शिलाई मशीनसारखी वाजते हो." म्हणाला आणि गेला. सलीमला ते असं झोंबलं, की त्या दिवशी त्यानं गाईचं दूध म्हशीवाल्यांना आणि म्हशीचं गाईवाल्यांना घातलं.

मग काय, कुठून तरी जुना फटाका सायलेन्सर पैदा झाला. गॅरेजवाल्या नथूनं हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "पोलीस सायलेन्सर काढून घेत्यात आन् वर कुणी बसवला ते इचारत्यात. मला न्हाई जमायचं."

"नको बसवू. मला काय हात न्हाईत?" सलीम म्हणाला.

हात होते, अक्कल मोबाइलवर होती. शुक्रवारी नमाज उरकून त्यानं अंगणात गाडी उभी केली आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल लावला. व्हिडिओतल्या पोराचे नट दोन बोटांनी सुटत होते. सलीमच्या गाडीनं मुळशीचे इतके पावसाळे खाल्लेले, की तिचे नट इंजिनाच्या तोंडाशी पार चिकटून बसलेले. डिझेल ओतलं, हातोडी मारली, शेवटी पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला. पाना सटकला आणि कोपर सोलपटलं.

ताजबी उंबऱ्यात मेथी निवडत होती. "बरी चालती गाडी कशाला मारताय?"

"मारत न्हाई. तिचा दम मोकळा करतोय."

"तिनं तक्रार केली व्हती का?"

सलीमनं चहा मागितला. कसाबसा सायलेन्सर बसला, तर हातात एक तांब्याची रिंग उरली. व्हिडिओ तर संपला होता. त्यानं ताजबीकडं चोरून बघितलं आणि रिंग खिशात घातली. माघार नको म्हणून जुना सायलेन्सर दारावरच्या भंगारवाल्याला देऊन टाकला. मग किक मारली. शेजारच्या चंद्राबाईच्या कोंबड्या पत्र्यावर गेल्या आणि खुद्द चंद्राबाई, कुणाची वरात आली म्हणून बाहेर आली. सलीम काही काम नसताना एसटी स्टँडपर्यंत दोन चकरा मारून आला.

आता चांदीचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा राडा तिचाच. चांदी ताजबीची म्हैस. हातातल्या पाटल्या मोडून घेतलेली, त्यामुळं तिच्यावर सलीमचाही हक्क चालत नसे. ह्या वेताला तिचं रेडकू जगलं नाही आणि रेडकाशिवाय ती पान्हा सोडेना. पण म्हशीचं डोकं बघा. सलीम संध्याकाळी गाडीवरून पेंड आणायचा. वळणावर गाडी वाजली की पेंड आली, हे तिनं ओळखलं आणि आवाजासरशी पान्हा सोडायला लागली. ताजबी बादली घेऊन तयारच बसायची. सकाळी सलीम गोठ्यापुढं नुसती गाडी चालू ठेवायचा, तेवढ्यावर भागायचं.

त्या संध्याकाळी वळणावर तोफा वाजल्या. चांदीनं दाव्याला हिसका दिला, बादली लाथाडली आणि दूध वर चढवलं. दुसऱ्या दिवशी तेच. पुढ्यात पेंड ठेवली, तर पेंड खाल्ली आणि दूध ठेवून घेतलं. कुणी पान्हा सोडायची सुई टोचायचं सुचवलं, त्याला ताजबीनं दारातूनच वाटेला लावलं. कास दगडासारखी झाली. असंच चाललं तर म्हैस आटणार, हे दोघांनाही कळत होतं. ताजबी भांडली नाही. तिनं सलीमपुढं कोरा चहा ठेवला आणि चांदीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तर सलीमला बरं वाटलं असतं.

भंगारवाल्याकडं जुन्याचे तुकडे झालेले. पहिल्यासारखा, कंपनीचा सायलेन्सर मागवायचा तर आठवडा जाणार. सलीम गोठ्यात जाऊन बसला. बायकोला जे बोलवेना ते म्हशीला बोलला, "चुकलं गं बाई माझं." बोलता बोलता त्याच्या तोंडून आपसूक जुन्या गाडीचा आवाज निघाला. डुग-डुग-डुग.

चांदीचा कान फिरला.

त्यानं पुन्हा केलं, जुनी गाडी मधेच घ्यायची ती उचकीसुद्धा घेऊन. मागून ताजबी दबक्या आवाजात म्हणाली, "थांबू नका." ती बादली घेऊन बसली. पहिली धार वाजली तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि सलीमच्या जिवात जीव आला. बादली भरेपर्यंत त्याचे ओठ बधिर झाले.

आठवड्यानं कंपनीचा सायलेन्सर आला. नथूनं तो नव्या रिंगेसकट बसवला आणि सलीम ताठ मानेनं वळणावरून आला. चांदीनं ऐकलं, रवंथ केला, आणि ढिम्म. तिला आता सलीमच्या तोंडचाच आवाज पाहिजे होता.

पुढं कासारसाईला सलीमच्या भाचीचा, शबनूरचा निकाह झाला. ताजबी म्हशीपायी घरीच राहिली. सलीम मुलाकडच्या मोठ्या मंडळींत, मुलीचा मामा म्हणून रुबाबात जेवायला बसला होता. फोन वाजला.

"चांदी तटून उभी हाय," ताजबी म्हणाली. "फोन तिच्या कानाशी धरते. करा."

"अगं, हितं पावणे बसलेत."

"मग पावण्यांना सांगा दूध द्यायला."

सलीमनं इकडंतिकडं बघितलं. घसा साफ केला. डुग-डुग-डुग. मुलाच्या चुलत्याचा घास हातातच राहिला.

"ऐकू येत न्हाई तिला," फोनमधून ताजबी म्हणाली. "जोर लावा. चढ लागलाय समजा."

आणि मुलीच्या मामानं सगळ्या पाहुण्यांदेखत गिअर बदलला.