दसरा ते दसरा

बिघडलेला रेडिओ घेऊन कोणी दुकानात शिरलं की नाना आधी रेडिओकडे बघतच नसत. माणसाला बाकावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि वैद्याने विचारावं तसं विचारायचे. कधीपासून होतंय? सकाळी बरा असतो का? लोकही तशीच उत्तरं देत. कोणाचा रेडिओ खोकायचा, कोणाचा बातम्या नीट सांगायचा पण भजनाला घसा बसायचा. एका बाईने सांगितलं, "पावनं आलं की बोलत नाय." मी हसलो. ती गेल्यावर नाना म्हणाले, "मास्तर, हसू नका. पाहुणे आले की ती रेडिओ ओटीवर आणून ठेवते. तिथवर एरियलची तार पोचत नाही."

महाडच्या बाजारपेठेत नानांचं रेडिओचं दुकान होतं, दारावर मुंबईच्या एका कंपनीच्या एजन्सीची पाटी. मी पोलादपूरकडच्या खेड्यातला, आमच्या घरातला पहिला बी. ए., महाडच्या शाळेत नुकताच शिक्षक झालेला. पदवीचा कागद आईने देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता, पण त्याचा कोणाला काय उपयोग हे मलाही ठाऊक नव्हतं. तो पहिल्यांदा नानांना झाला. कंपनीला इंग्रजी पत्रं लिहायला ते मला बोलावत आणि माझं पत्र गिऱ्हाइकांना दाखवून सांगत, "आमच्या मास्तरांचं इंग्रजी. कंपनीला शब्दकोश उघडावा लागणार." एवढ्या कौतुकाने माझ्याविषयी तोवर कोणी बोललं नव्हतं.

रेडिओबरोबर मिळणारं गॅरंटी कार्ड बारीक इंग्रजीत असे. जे माणसाला वाचता येत नाही ते त्याच्या हातात द्यायचं, हे नानांना पटत नसे. म्हणून ते कार्डाच्या पाठीवर टाकाने लिहीत, "दसरा ते दसरा, जबाबदारी माझी," आणि खाली सही. पाडव्याला घेतला तर पाडवा ते पाडवा. वर्ष म्हणजे हेच, याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

ती शंका तुडीलच्या काशीरामच्या रेडिओने काढली. त्या साली श्रावण अधिक आला आणि दसरा लांबला. दसऱ्याला सहा दिवस असताना काशीराम आदल्या दसऱ्याला घेतलेला रेडिओ घोंगडीत बांधून घेऊन आला. काटा फिरायचा, आवाज मात्र नाही. आतला एक व्हॉल्व्ह गेला होता, तो कंपनीकडून यायला हवा होता. आणि कंपनीच्या कॅलेंडरप्रमाणे वर्ष संपून बारा दिवस झाले होते. नानांनी तसं सांगितलं, तर काशीराम शांतपणे म्हणाला, "नाना, दसरा झाला काय? नाय ना? मंग माझा एक श्रावण कंपनीनं खाल्लान?"

नाना आधी हसले, मग त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. अधिक महिना इंग्रजीत सांगताना माझी बी. ए. पणाला लागली. शेवटी मी लिहिलं की आमच्याकडे यंदा एक महिना दोनदा आला. उत्तर आलं की आमच्या कचेरीत सर्व महिने एकेकदाच आले आहेत. आम्ही पंचांगाचं पान पाठवलं. त्यावर मात्र उत्तर न येता मुंबईहून कंपनीचे साहेबच आले.

त्यांनी काशीरामचं कार्ड उलटून पाहिलं आणि अशी किती कार्डं आहेत ते विचारलं. नाना म्हणाले, सगळीच. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, व्हॉल्व्ह आत्ता देतो, पण सगळी कार्डं परत मागवून ही ओळ चुकून लिहिली म्हणून खोडायची. नाहीतर एजन्सी काढून घ्यावी लागेल.

रेडिओची चौकशी करायला आलेला काशीराम बाकावरच होता. तोच म्हणाला, "खोडा नाना. माझ्यापायी दुकान नको जायाला."

"तुझ्या एकट्याचं नाही रे," नाना म्हणाले. "ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवलंय. आता सांगू, चुकीचं वाचलं म्हणून?" मग साहेबांकडे वळले. "पाटी उतरवून देतो. आधी चहा घ्या, निवतोय."

पाटी गेली. काशीरामचा रेडिओ नानांनी स्वतःच्या घरच्या रेडिओतला व्हॉल्व्ह काढून बोलता केला. काकू रागावल्या, तर म्हणाले, "आपल्या घरात बोलणारी माणसं पुष्कळ आहेत."

पुढच्या वर्षी समोरच दुसऱ्याने रेडिओचं दुकान काढलं. नाना नुसती दुरुस्ती करू लागले. लोक समोर रेडिओ घेत आणि कार्ड घेऊन रस्ता ओलांडून नानांकडे येत. नाना वैतागत, मी विकलेला नाही, मी काय लिहू? लोक म्हणत, "दुरुस्त तुमीच करनार ना? मंग लिवा." आणि नाना लिहीत. पुढे हात थरथरायला लागला तेव्हा ओळ मी लिहायचो, ते सही करायचे.

नाना गेले त्या साली दसऱ्याला दासगावचा एक गृहस्थ कोरं कार्ड घेऊन शाळेत आला. मी सांगितलं, नाना आता नाहीत.

"ठावं हाय," तो म्हणाला. "पन अक्षर तुमचंच असायचं. सहीपन तुमीच करा."

मला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही. मी "जबाबदारी माझी" लिहिलं, सही केली. पुढच्या साली अधिक महिना नव्हता, तरी दसरा काही केल्या येईना.