पाहुणी तानुबाई

भोईवाडीला पूर्वी कुत्रंसुद्धा वाट चुकून यायचं नाही. नदीकाठी आठ-दहा झोपड्या, वाळत घातलेली जाळी आणि मासळीचा वास, एवढाच कारभार. मग धरण झालं. पाणी शेजारचं चिंचखेड गिळूनच थांबलं आणि वाडी टेकडीवर सरकली. चिंचखेड म्हणजे तानुबाईचं माहेर. माणसं पांगली, घर बुडालं, आणि दर दिवाळीला माहेरी निघणारी तानुबाई काठावर बसून पाण्याकडे बघत राहू लागली.

त्याच पाण्यानं वाडीचं नशीब मात्र उघडलं! शेगावचं दर्शन आटोपून मंडळी जीपगाड्या भरभरून येऊ लागली. कचरूनं भज्यांची कढई मांडली, मग बाकडी, मग चक्क 'समुद्रकिनारा लॉज'. कचरूनं समुद्र पाहिला नव्हता आणि गिऱ्हाइकांनीही नव्हता, त्यामुळे तक्रार कुणाचीच नव्हती. रसवंती आली, पाळणा आला, तानुबाईची शेजारीण आशाबाई, तिच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ आला. तानुबाईचा नवरा सहदेव मासेमारीच्या नावेतून पाहुण्यांना फिरवू लागला.

इथंच तानुबाईचं डोकं फिरलं. घरच्या बाईनं नावेत पाय ठेवला की जाळं रिकामं येतं, असा वाडीचा रिवाज. जन्म पाण्याकाठी गेला, पण नाव तिनं काठावरूनच पाहिलेली.

“मंग ह्या खामगावच्या बाया काऊन बसतात वो?”

“त्या पाव्हण्या हायेत. पाव्हणीचं पाऊल चालते.”

“मले एकडाव चिंचखेडावरून फिरवून आना.”

“तू घरची ना! नाही म्हंजे नाही.”

तानुबाई गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी शिजतंय, हे सहदेवाला एव्हाना कळायला हवं होतं.

रविवारी काठावर ही गर्दी! आशाबाईनं तिला फोटोसाठी ठेवलेला काळा चष्मा दिला, पर्स दिली, स्वतःची नायलॉनची साडी नेसवली. तानुबाई खामगावच्या बायांच्या रांगेत उभी राहिली. हसू दाबून दाबून पोट दुखायला लागलं. सहदेव हात धरून एकेकीला नावेत चढवत होता. तिचा हात धरला आणि तो थबकला. जाळं विणून घट्टे पडलेला तो हात त्याच्या चांगला ओळखीचा होता.

“तिकीट काढलं हाय,” तानुबाई नाक वर करून म्हणाली. “पाव्हणी हाय मी.”

मागं रांग खोळंबलेली. नियम त्यानंच सांगितलेला, आता मोडणार कसा? त्यानं मुकाट्यानं नाव लोटली.

नाव डुलली तशी खामगावच्या बायांनी घाबरून एकमेकींना धरलं. तानुबाई मात्र पाण्यात हात बुडवून खिदळत होती. “ओ नावाडी, हाना की जोरात!” नावाडी गालात हसायला लागला. नाव कुठं न्यायची, हे त्याला सांगावं लागलं नाही.

मधोमध त्यानं वल्हं थांबवलं.

“इथं तं काहीच नाही,” एक बाई म्हणाली.

तानुबाईनं चष्मा काढला. तिचे डोळे भरून आले होते. सहदेवानं डोक्यावरची टोपी सारखी केली, सासऱ्याच्या दारात पोचल्यावर करायचा तशी, आणि मोठ्यानं म्हणाला, “पाहा बाई, जावई दारात उभा हाय अन् सासऱ्यानं चहाबी इचारला नाही!”

तानुबाई रडता रडता इतकी हसली की नाव गदगदा हलली आणि खामगावच्या बाया किंचाळल्या.

दुसऱ्या दिवशी जाळं खरंच रिकामं आलं. वाडीनं कारण विचारलं.

“मासे समदे चिंचखेडले गेलेत,” सहदेव म्हणाला. “तिथं लेक आलती माहेरी.”