कदम मोड

फौजेतून हवालदार म्हणून सुटलो आणि माझी पुढची पोस्टिंग निघाली निमोण्याला, स्वतःच्याच घरी. चौदा वर्षं रंगरुटांना ड्रिल शिकवलेला माणूस मी. बायको आठवड्यात वैतागली. मग शेजारच्या वस्तीवरच्या रखमाजी आबांनी मला ताब्यात घेतलं. आबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत स्ट्रेचर बेअरर होते, जखमींना झोळीतून वाहून आणणारे. वय चौऱ्याऐंशी, रँक शिपाई. तरी सॅल्यूट मीच ठोकायचो.

२००१ च्या उन्हाळ्यात, सकाळी साडेसहाला, आबा न्हाणीत घसरले. डावा पाय आखूड दिसत होता, पंजा बाहेर वळलेला. खुबा मोडला होता. गावात येणारे डॉक्टर म्हणाले, "या वयात ऑपरेशन झेपायचं नाही. पलंगावरच ठेवा."

आबांचा मुलगा तुकाराम मान हलवू लागला. "खरंय. आता कशाला हाल करायचे?"

"आन् मरंपतुर पलंगावरच हगायचं, ते हाल न्हाईत व्हय?" आबा माझ्याकडे वळले. "हवालदार, दौंडला हाडाचा डॉक्टर हाय. जीप बोलीव."

जीप डांबरीवर थांबली. तिथवर दोन फर्लांग ढेकळांची पाऊलवाट. दोन बांबू आणि घोंगडीची झोळी केली, चौघांनी उचलली. पुढच्या जोडीत मी. सवयीनं तोंडातून निघालं, "तेज चल! लेफ्ट, राइट, लेफ्ट!" चौघांचे पाय असे सुरेख मिळाले की मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

"थांब," झोळीतून आवाज आला. "ही परेड कोण घेतंय?"

"मीच, आबा."

"कदम मोड. समद्यांचा पाय एकदम पडला की झोळी झुलती, हाड आत टोचतं. पुढच्यांनी डावा टाका, मागच्यांनी उजवा. आन् तोंड बंद."

"येस सर," मी म्हणालो. एका शिपायाला. आयुष्यभर पाय मिळवत आलो, त्या दिवशी कदम मोडले. झोळी हलेनाशी झाली.

दौंडचे डॉक्टर म्हणाले, "जोखीम मोठी आहे, बाबा."

"ठाऊक हाय. सही कुठं करू?"

ऑपरेशन दोन तास चाललं. सातव्या आठवड्यात वॉकर मिळाला. दवाखान्याच्या व्हरांड्यात आबा उभे राहिले. मागे तुकाराम, हातात खुर्ची.

चार पावलं टाकून आबा थांबले. "धोंडी," म्हणाले. आणखी चार पावलं. "गणू."

"आबा, दमलात. बसा," तुकाराम म्हणाला.

"दमलो न्हाई. ही माझ्या झोळीतली पोरं, इटलीतली. डोंगर उतरंपतुर ऱ्हायली न्हाईत."

मी सावधान झालो. तुकारामनं खुर्ची पुढे केली.

"मागं घे ती, तुका. अजून एक नाव ऱ्हायलंय."

वॉकर पुढे सरकला. दोन पावलं. तिसऱ्याला पाय थरथरला, तुकाराम धावला, आबांनी त्याला कोपरानं ढकललं. चौथं पाऊल टाकून ते ताठ झाले.

"महादू. धोंडीचा धाकटा भाऊ."