चमकीच्या पुडीचं सील

एम.एस. झाल्यावर मला शिकागोजवळच्या एका छोट्या खासगी फॉरेन्सिक लॅबमध्ये नोकरी लागली. तिथले माझे सीनिअर पुण्याचे. लॅबमध्ये सगळ्यांसारखी मीही त्यांना नावाने हाक मारायची, बाहेर मात्र काका म्हणायची. रविवारी मी नेपरव्हिलला त्यांच्याकडे जेवायला असायची. निघताना काकू डबा भरून द्यायच्या. कपड्यावरचा बारीकसा कण चिमट्याने कसा उचलायचा, तेव्हा श्वाससुद्धा कसा रोखून धरायचा, हे मला काकांनीच शिकवलं.

एका केसमध्ये पीडित मुलीच्या ड्रेसवरची चमकी आणि आरोपीच्या गाडीतल्या सीटवरची चमकी एकच, असा रिपोर्ट त्यांनी दिला. आमच्याकडे प्रत्येक रिपोर्ट दुसऱ्या केमिस्टने तपासायचा असतो. मी दोन्ही चमकींचे मशीनवर काढलेले आलेख शेजारी ठेवून पाहिले. हुबेहूब होते. सही केली.

पुढे आरोपीच्या वकिलाने फेरतपासणी मागितली. मी कपाटातून गाडीतल्या चमकीची पुडी काढली, तर पोलिसांनी लावलेलं सील जसंच्या तसं. पुडी कुणी उघडलीच नव्हती. म्हणजे दोन्ही आलेख ड्रेसवरच्याच चमकीचे होते.

दुपारी पार्किंगमध्ये काकांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "किती केसेस पेंडिंग होत्या, तुला माहितीये. मॅच झालीच असती."

"काका, मी तुमच्या भरवशावर सही केली."

"केलीस ना? मग आता गप्प बस."

तेव्हा राग नाही आला. लाज वाटली, सही करताना पुडी बघायलाही मी मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांना सगळं लिहून दिलं.

चौकशीत काकांनी सांगितलं की गाडीतली चमकी तपासायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं, आणि मी ते केलं असेल असं धरून त्यांनी रिपोर्ट लिहिला. मी समोरच बसले होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

दोन्ही आलेखांच्या वेळी मशीनवर लॉगिन त्यांचंच होतं, म्हणून मी वाचले. दुसऱ्या लॅबने तपासलं, तेव्हा चमकी जुळली नाही. आरोपी तोवर अकरा महिने तुरुंगात होता. काकांना काढून टाकलं. माझी सही असलेले रिपोर्ट अजून पुन्हा तपासले जातायत.

काकूंचा एकदाच फोन आला. "आधी मला सांगायचं होतंस गं."

मी म्हटलं, तुम्हीही मला गप्पच बसवलं असतं. त्यांनी फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.