आत्यानं पाहिलेलं डायनासोरचं पाऊल

आत्या वाळवंटात मेली नाही.

आज सकाळी नागपुरात, आपल्या घरी, आपल्या पलंगावर, झोपेत गेली.

रडू येतंय. पण खूप मोकळंही वाटतंय. का, ते सांगते.

लीलाआत्या म्हणजे माझ्या बाबांची बहीण. नागपूरजवळ खाप्याला शाळेत सायन्स शिकवायची. आई गेल्यावर मला आणि दादाला तिनंच वाढवलं.

गेल्या वर्षी थंडी संपता संपता म्हणाली, "मले जैसलमेरले घेऊन चल. तिथं खडकात डायनासोरच्या पायाचे ठसे आहेत."

हार्ट पेशंट बाई! दादा भडकला.

"तिले तिकडे काही झालं, तर तोंड दाखवू नको मले."

तरी नेलं.

तारेचं कुंपण. आत नुसता दगड आणि वाळू. सावलीला एक झाड नाही.

गेटपासून ठशापर्यंत चालायचं होतं. अर्ध्या वाटेत आत्या मटकन खाली बसली. ओठ पांढरे. हात छातीवर.

फोनला रेंज नाही.

मी तिच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि रडायलाच लागले.

"काहून रडून राहिली वं? दम खाऊन राहिली मी. मेली नाही अजून."

गेटवरच्या गार्डनं आमची गाडी आत घेऊ दिली. थेट हॉस्पिटल.

ईसीजी नॉर्मल. "ऊन लागलं, त्यात पोट रिकामं," डॉक्टर म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. तिथंच कॉरिडॉरमध्ये फतकल मारून बसले.

हॉटेलवर येऊन परतीची तिकिटं शोधायला लागले. आत्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शेवटी दादाला फोन केला. शिव्या खायची तयारी ठेवूनच.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "डॉक्टर ठीक म्हणाला ना? मंग दाखवून आण तिले. ऊन चढायच्या आत जा. अन् आधी काहीतरी खाऊ घाल."

सकाळी परत गेलो. गार्डनं आपली खुर्ची उचलून सोबत घेतली. आत्या थोडं चालायची, थोडं बसायची.

आणि पोचलो.

खडकात तीन बोटांचा ठसा. स्पष्ट.

"माताजी, हाथ मत लगाना."

"नहीं लगाती, भैया."

रेलिंग धरून वाकली. चष्मा पुसला. परत पाहिलं.

"पोट्टे विचारायचे, मॅडम, तुम्ही पाह्यलं का? मी म्हणायची, नाही गा, पुस्तकात आहे."

मग एकदम मोठ्यानं हसली.

"अवं, इथून चालत गेला तो! चिखलातून!"

परतताना ट्रेनमध्ये अख्ख्या डब्याला सांगत आली.

गेले काही महिने मात्र फार वाईट गेले. आडवं झालं की धाप लागायची. बसून रात्र काढायची. आज पहिल्यांदा तिचा चेहरा इतका शांत दिसला.

दादा तिच्या पायाशी बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला,

"बरं झालं तू ऐकलं नाही माझं."

आत्या, सुटलीस गं.

आम्ही दोघं ठीक आहोत. तू सावकाश जा.

भरल्या मनानं तुला नमस्कार.