दहा मोजेपर्यंत

माझा धाकटा भाऊ लोकांचे कान तपासतो. हॉस्पिटलात त्याला 'कानवाले साहेब' म्हणतात. घरी तो धाकटाच. आता तो एकोणचाळीस वर्षांचा, अर्धा टकला आणि एका मुलीचा बाप आहे, पण त्यामुळे नाव बदलावं असं मला काही वाटत नाही. लहानपणी त्याचे कान इतके तिखट होते की मी दोन खोल्या पलीकडे साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं तरी हा हात पुढे करून दारात हजर. त्याच कानांवर पुढे त्याचं पोट चालेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते, बावीस वर्षं झाली. लोक खोकल्याचं औषध ओरडून मागतात आणि मनाच्या गोळ्यांची चिठ्ठी घडी घालून, मागे कोण उभं आहे ते बघून पुढे सरकवतात. मी त्यांना सांगते, अहो, लाजायचं काय त्यात, बीपी वाढतं तसंच हेही. हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की झोपेतून उठवलं तरी पाठ म्हणून दाखवीन. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण करणारा माणूस माझ्या काउंटरवर येऊन गेला असणार.

मागच्या महिन्यात भावजयीचा फोन आला. ती एरवी फोनवर भाजी, मुलीचा अभ्यास आणि माझ्या भावाचा वेंधळेपणा या क्रमाने बोलते. त्या दिवशी आवाज बारीक होता. "वन्सं, हे आंघोळ झाली तरी बाहेर येत नाहीत. नळ चालू ठेवून आत नुसते बसून राहतात. अर्धा अर्धा तास."

हातातली गोळ्यांची पट्टी गिऱ्हाइकाला द्यायची राहून गेली.

नळाचं कारण असं. मी दहा वर्षांची होते तेव्हा आमच्या आईला भिंतीपलीकडे कुणीतरी भांडी घासतंय असं ऐकू यायला लागलं. भिंतीपलीकडे मोकळी जागा होती. पुढे ती भांडी घासणारी बाई बोलायला लागली, आणि बोलायची ती आईबद्दल. ते ऐकू येऊ नये म्हणून आई स्वयंपाकघरातला नळ सोडून त्याच्यासमोर बसायची. मी शाळेतून आले की दारातूनच कान द्यायचे. नळ वाहत नसला तर त्या दिवशी घरात आई असायची, वाहत असला तर दप्तर न काढता मी धाकट्याला घेऊन जिन्यात बसायचे. बाबा म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकण्यातच त्यांचा जन्म गेला. आईला गोळ्या सुरू झाल्या त्या फार उशिरा. त्याही ती जिभेखाली धरून खिडकीतल्या कुंडीत थुंकायची. आई जाऊन आठ वर्षं झाली. वाहता नळ ऐकला की मी अजून उठून तो बंद करते, मग तो कुणाच्याही घरचा असो.

धाकट्याला मी जाऊन गाठलं. उडवाउडवीची उत्तरं देऊन झाल्यावर शेवटी तो बोलला. तीन आठवडे एक बारीक सूर ऐकू येत होता. मशीनमधून तो जो उंच सूर देतो, तसलाच. कानात सूर वाजणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. रोज चार माणसं तीच तक्रार घेऊन त्याच्याकडे येतात आणि तो त्यांना शांतपणे समजावून परत पाठवतो. पण गेल्या आठवड्यापासून तो सूर एकसारखा राहत नव्हता. मधेच तुटायचा आणि पुन्हा यायचा, कुणी बोलता बोलता श्वास घ्यावा तसा.

"अजून शब्द नाहीत, ताई," तो म्हणाला. "पण मी शब्दांची वाट बघतोय."

त्याच्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर मनाचे डॉक्टर बसतात. मी म्हटलं, चल. तो नको म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून उतरताना कुणी बघितलं तर खाली त्याच्यापुढे कान कोण करील, हे त्याचं पहिलं कारण. दुसरं त्याने सांगितलं नाही, पण ते मला ठाऊक होतं. वर गेल्यावर कुणी आईचाच आजार त्याच्या पदरात टाकला तर मग तो खरा होणार होता. आणि काउंटरवर बावीस वर्षं व्याख्यान देणारी मी, तिथेच विषय सोडून मोकळी झाले. मलाही तेच हवं होतं, मूठ झाकलेली.

मग त्यानेच एक तोड काढली. शनिवारी दुपारी विभाग बंद झाल्यावर मी यायचं आणि त्याची तपासणी करायची. त्याच्या सहकाऱ्यांपैकी कुणी नको, मीच. मला यातलं काही कळत नाही, असं मी म्हटलं. कळायला नकोच आहे, तो म्हणाला.

तपासणीची खोली म्हणजे खोलीच्या आतली खोली. भिंतींना बारीक भोकांचं जाड अस्तर, दार जाडजूड, खटका दाबून लावायचं. बाहेर मशीन, मधे दुहेरी काच. तपासणाऱ्याचे हात दिसू नयेत म्हणून आतली खुर्ची काचेला तिरकी ठेवलेली. त्याने मला समजावलं. हे बटन दाबलं की आतल्याच्या कानात सूर जातो. ऐकू आला की तो हातातलं बटन दाबतो, इथे दिवा लागतो. सोपं आहे.

"आणि मधे मधे काहीच द्यायचं नाही," तो म्हणाला. "मनात दहा मोजायचे. त्या शांततेत दिवा लागला तर या दुसऱ्या रकान्यात खूण करायची. बाकी कागदाशी आपल्याला कर्तव्य नाही."

ही मधली शांतता म्हणजे त्यांच्या धंद्यातली खरी परीक्षा. कुणी उगाचच बटन दाबतंय का, ते तिथे कळतं. आणि या शांततेची त्याला एवढी धास्ती का, तेही मला माहीत होतं. शिकत असताना त्याने एकदा आईला तिथल्या विभागात नेलं होतं. आवाज कानाच्या दोषामुळे येत असतील अशी त्याला वेडी आशा होती. आईचे कान ठणठणीत निघाले. पण शांततेत दिवा लागत राहिला, पुन्हा पुन्हा. मागे शिकवणारे सर उभे होते. धाकट्याने नियमाप्रमाणे कागदाच्या तळाशी शेरा लिहिला, 'प्रतिसाद भरवशाचे नाहीत.' आई बाहेर आली, केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "पास झाले का रे?"

तो आत गेला. दार लागलं. काचेतून मला त्याचा एक कान, हेडफोनचा पट्टा आणि मांडीवरचा हात दिसत होता. मी सूर दिला, दिवा लागला. पुन्हा दिला, लागला. मग हात मागे घेतला आणि मोजायला लागले. दहा झाले, दिवा नाही. मला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. दुसरी शांतताही कोरी गेली.

तिसऱ्या वेळी सहा म्हटलं आणि दिवा लागला.

माझंच बोट लागलं असेल, मी म्हटलं. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले आणि पुन्हा मोजले. चारला लागला. एवढासा हिरवा दिवा, पण माझ्या कानात आमच्या स्वयंपाकघरातला नळ वाहायला लागला. त्यानंतर मी काही वेळा सूर दिले, काही वेळा दिले नाहीत, आणि न देता दिवा आणखी एकदा लागला. एकूण तीन वेळा. दुसऱ्या रकान्यात मी एकही खूण केली नाही.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. मी कागद पुढे केला. "एकदाही नाही," मी म्हणाले. आवाज अगदी काउंटरवरचा काढला होता.

त्याने कागद पाहिला. मला वाटलं होतं, त्याचा चेहरा खुलेल. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"ताई, सतरा वर्षं मी हे करतोय. ज्यांना काही म्हणजे काही झालेलं नाही तेही एकदोनदा दाबतात. इतका कोरा रकाना कुणाचाच येत नाही." तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "किती वेळा?"

तीन, मी म्हणाले. त्याने मान हलवली. तो विश्वास ठेवत नव्हता, आणि का ठेवावा? एकदा खोटं बोललेल्या बहिणीचे तीन हे दहाही असू शकतात. पंधराही. त्याच्या डोळ्यांत तो आकडा वाढताना मला दिसत होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथे तर तो मीच त्याच्या मागे लावून दिला होता. त्याला वाचवायला म्हणून केलं आणि असलेला आधारही काढून घेतला. स्वतःची मला इतकी चीड आली की मी त्याच्या हातातला हेडफोन ओढून घेतला.

"मला बसव आत," मी म्हणाले. "मी किती दाबते ते बघ."

खरं सांगायचं तर मी हे त्याच्यासाठी केलं नव्हतं. त्या आईची मुलगी मीही होते आणि तिशीपासून दर वर्षी मनात म्हणत होते, अजून मला काही ऐकू आलं नाही.

दार लागलं आणि जग बंद झालं. मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. गिळल्याचा आवाज येत होता, मानेचा आवाज येत होता. सूर आला, मी दाबलं. आला, दाबलं. मग काहीच येईना. आता येईल, आता येईल असं वाटत राहिलं. आपल्याला ऐकू आला नाही की त्याने दिलाच नाही? छातीत धडधड इतकी की तिच्या आड एखादा सूर सहज लपला असता. मग लांबून, अगदी लांबून, काहीतरी आलं. आलं ना? मी दाबलं. परत आलं. ते सूर होते की काय होते, देवाशपथ आजही मला सांगता येणार नाही.

त्याने दार उघडलं, मी बाहेर आले. मी केसांवरून हात फिरवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पास झाले का रे?"

दोघंही जागच्या जागी थांबलो. मग त्याने कागद माझ्याकडे फिरवला. दुसऱ्या रकान्यात पाच खुणा होत्या. सरळ, एकाखाली एक, माझ्यापासून काही न लपवता केलेल्या.

"मग मलाही..." मी म्हणाले.

त्याने मशीन बंद केलं. मग म्हणाला, घाबरलेला माणूस दाबतोच. पेशंटला तो हे रोज सांगतो, घाई नाही, चुकलं तरी चालेल, आधी दोन मिनिटं श्वास घ्या. आपल्या तीन आणि पाच खुणांवरून काही ठरत नाही, तो म्हणाला, आजार आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. याने मला धीर येईना.

"मग आई?" मी विचारलं.

"आई आजारीच होती, ताई. ते बदलत नाही." तो म्हणाला. "पण त्या दिवशी ती घाबरलेली होती, आणि मी तिला ते विचारलंसुद्धा नाही. मागे सर उभे होते. मी भरवशाचे नाहीत असं लिहिलं आणि पुढच्याला आत घेतलं."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, टकलावर. तो लहान मुलासारखा रडला आणि मीही. मग त्याने दोन्ही कागद समोर ओढले. मी वगळलेल्या तीन खुणा त्याने माझ्याकडूनच त्याच्या रकान्यात करून घेतल्या. तळाशी शेऱ्याच्या जागी एकावर लिहिलं, 'घाबरलेला,' आणि दुसऱ्यावर, 'घाबरलेली.' माझा कागद घडी करून माझ्या हातात दिला. मी तो पर्समध्ये टाकला, लोक माझ्या काउंटरवर चिठ्ठ्या लपवतात तसाच, आतल्या कप्प्यात.

सोमवारी आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. लिफ्टमध्ये त्याच्या ओळखीची नर्स होती. तिने विचारलं, "वर कुणाकडे, साहेब?" त्याने डॉक्टरांचं नाव सांगितलं. ती बरं म्हणाली आणि दुसऱ्या मजल्यावर उतरली. दरवाजा लागताना त्याने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

डॉक्टर वयाने आमच्याहून लहान होत्या. मी फक्त सोबत आले आहे, हे मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. धाकट्याने सूर सांगितला, तुटणं सांगितलं, नळ सांगितला, आणि शेवटी आई सांगितली. त्याने पुढे केलेला कागद त्यांनी पाहिला. खुणा मोजतील असं वाटलं होतं. त्यांनी तळचा शेरा वाचला.

"किती दिवसांपासून घाबरलेले आहात?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे," धाकटा म्हणाला.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाहेर कुणी खुर्ची सरकवत होतं. मी मनात मोजायला लागले होते, ते माझं मलाच उशिरा कळलं. सातपर्यंत आले होते.

"मी दहा वर्षांची असल्यापासून," मी म्हणाले. मग पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून माझा कागद काढून त्याच्या कागदाशेजारी ठेवला.