धुतलेल्या वाळूतली मेथी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर तर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. कोणाच्या हाती ही वही पडलीच तर सांभाळून घ्यावं. तोंडाने सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

गिरणी संपावर गेली तेव्हा आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहत होतो. घरात हे, मी आणि दोन मुली. पगार बंद झाला, भाडं थकलं, खोली जायची वेळ आली. तेव्हा शेजारच्या कोळीण मावशींनी पैसे दिले. ते त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले. "पुढल्या वैशाखात लगीन हाय, त्याच्या आधी दे म्हंजे झालं," एवढंच म्हणाल्या. माझ्या मनाला मात्र घोर लागला. आमच्यापायी त्या पोरीचं लग्न अडलं असतं, तर मी जिन्यात कोणाला तोंड दाखवलं असतं?

निदान भाजीचा खर्च वाचावा म्हणून मी गॅलरीत डब्यांमधून पेरायचं ठरवलं. आमच्या गावी मिरगाला पेरतात. मीही मिरग बघून भेंडी, चवळी आणि शिराळी लावली. गावी आई मासे धुतलेलं पाणी वेलाच्या बुडाशी ओतायची, वेल कसा तरारून यायचा. मीही तेच केलं. पण पावसाळ्यात ताजी मासळी कुठली, आणि परवडणार तरी कशी? मावशी खारा बांगडा द्यायच्या. तो भिजवून खारटपणा काढायचा आणि ते पाणी मी रोज डब्यांत ओतायचे. वर पत्रा, म्हणून पावसाचं पाणी डब्यांत येतच नव्हतं.

पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं, खत कमी पडतंय. म्हणून आणखी ओतलं.

मावशींनी एक दिवस डब्यात बोट घालून चाखलं आणि मोठ्याने हसल्या. "अगो बाय, झाडं लावलीस का लोणचं घातलंस?"

मला रडू आलं. मावशी माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "भेंडीला दोन महिनं थांबशील, आन् मिळंल किती? कालवणापुरती. समुद्रमेथी कर. वाळूत येते, दहा-बारा दिवसांत उपटायला होते. पाऊस सरला की लाव, आता कुजंल."

मग मी डोक्यातच आखणी केली. दसऱ्यानंतर चाळीच्या गच्चीवर सुरू करायचं आणि होळीला थांबायचं, कारण पुढे गच्ची तापते. आंब्याच्या जुन्या पेट्यांना आत गोणपाट लावलं. सगळ्या एकदम पेरायच्या नाहीत. एक पेटी उपटेपर्यंत दुसरी तयार व्हायला हवी, म्हणजे रोज थोडी मेथी विकायला निघत राहील.

वाळू दादरच्या चौपाटीवरून हे गोणीत आणायचे. पण मला मिठाची धास्ती बसलेली. वाळू नळाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची, चिमूट जिभेवर ठेवायची, खारट लागली की परत धुवायची. हे बादलीशी बसून म्हणायचे, "गिरणीत साचे चालवले मी, आता रेती धुतंय. बघ गो, कशी चमकता!" हसायचे, पण मान वर करायचे नाहीत. गच्चीवर कोणी आलं की बादली माझ्याकडे सरकवायचे. मी ती घेऊन धुवायला बसायचे. काम गेलेल्या माणसाला किती बोलायचं?

पहिली मेथी सुरेख आली, नाजूक, पांढऱ्या देठांची. लहान लहान जुड्या बांधून मी मावशींच्या पाटीत ठेवल्या. संध्याकाळी बहुतेक तशाच परत आल्या.

"मासळीच्या पाटीतली मेथी मासं न खाणारी माणसं घेतात व्हय?" मावशी म्हणाल्या. "तूच बस बाजारात. माझ्यापासून लांब बस."

"मला नाही जमणार, मावशी. माझ्या तोंडून हाक निघत नाही."

"नको मारूस हाक. बस तर खरी."

दादरच्या बाजारात मी पदर कपाळावर ओढून बसले. पहिल्या दिवशी मान खालीच होती. गिऱ्हाइकांच्या चपलाच तेवढ्या दिसत होत्या. एका बाईंनी विचारलं, "कडू नाही ना?" मी नुसती मान हलवली. त्या हसून दोन जुड्या घेऊन गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. पुढे पुढे मी आधी पुटपुटू लागले, मग बोलू लागले. पलीकडच्या मासळीच्या ओट्यावरून मावशी ओरडायच्या, "ऐकू येत नाय गो बाय! घसा काय गावाला ठेवलास?" मग लाजेने का होईना, माझा आवाज चढायचा.

दर आठवड्याला थोडे पैसे मावशींना देत गेले. संप काही मिटला नाही. यांना पुढे अँटॉप हिलला रखवालीचं काम मिळालं. होळी आली तरी थोडं देणं राहिलंच होतं. गच्चीवर तळवे भाजायला लागले, तरी मी शेवटची पेटी जिन्याच्या सावलीत पेरली. ती विरळ आली, पण आली.

हळदीच्या दिवशी मी मावशींच्या दारात गेले. घर बायकांनी भरलेलं, नवरीच्या अंगाला हळद लागत होती. मी रुमालाची गाठ मावशींच्या हातात दिली. त्या न बघताच कमरेला खोचायला लागल्या.

"मावशी, मोजून घ्या!"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. बाजारातला आवाज लागला होता माझा. मावशी हसल्या, तिथेच खाली बसल्या आणि हळदीच्या हातांनी नोटा मोजल्या.

"फिटले गो बाय," त्या म्हणाल्या. "सगळे फिटले."